ढाणकीजवळची भिंत

९ ऑक्टोबर, सकाळी ७
शोक आवरला. जुलैत रजनी गेली. तीन महिने, पुरे. उद्या ढाणकीला निघतो. चित्रकार धावजी तिकडच्या तांड्यावरचे. आता दिल्लीत असतात, मोठं नाव आहे. रजनी शाळेत चित्रकला शिकवायची. तिला त्यांचं लहानपण पायी फिरून पाहायचं होतं. विशेषतः ते ज्या भिंतीवर कोळशाने चित्रं काढत, ती भिंत. मी म्हणायचो, रिटायर झाल्यावर. मे महिन्यात झालो.

प्लॅन: तीन दिवस, रोज आठ किलोमीटर.

घर रंगवायला काढलं आहे. सलील फोनवर म्हणाला, बाबा, यंदा आपल्याला दिवाळी नाही, मग रंग काहून? मी म्हटलं, फ्रेश वाटतं. रंगारी नागोरावला सांगितलं, स्वयंपाकघर आधी घे. गॅसजवळची भिंत रजनीने पेन्सिलने भरून ठेवली आहे. नवं सिलिंडर लावलं की तारीख भिंतीवर. तीस वर्षं सांगत होतो, त्यासाठी कॅलेंडर असतं.

१० ऑक्टोबर, संध्याकाळ
पोचलो. आज चाललो: स्टँड ते लॉज. बूट नवे आहेत, त्यांना सवय व्हायला हवी.
हॉटेलात दोन चहा मागवले. मालकाने विचारलं, दुसरे साहेब कुठी गेले? मी म्हटलं, कप लहान आहेत. दोन्ही प्यालो.

११ ऑक्टोबर
धावजींची शाळा पाहिली. इमारत नवी. रजनीने जपून ठेवलेल्या कात्रणातला नकाशा घेऊन निघालो. तासाभराने पुन्हा शाळेसमोर. शेताच्या धुऱ्यावर बसलेला एकजण म्हणाला, गुरुजी, मघाशी इकडूनच गेलते ना? मी म्हटलं, अभ्यास करतो आहे.

१२ ऑक्टोबर
तांडा. चार किलोमीटर पायी, खरोखर. धावजींची बहीण जमनीबाई भेटली, सत्तरीची. भिंत दाखवा म्हटलं तर हसायलाच लागली. म्हणाली, दर दिवाळीले मी लिपो, तो मले शिव्या दे आन् पुन्हा कोळसा घे. तो दिल्लीले गेला, मंग मी लिपलीच नाही. म्हटलं, राहू दे त्याचं चित्र. दोन पावसाळ्यात भिंतच बसली. लिपली त चित्र जाते, नाही लिपली त भिंत जाते. तुम्ही कायले एवढे चालत आले, सायेब?
बायकोला पाहायची होती, म्हटलं.
मंग बाईले मागं काहून ठेवलं, म्हणत तिने रस्त्याकडे पाहिलं.

तांड्याबाहेर आलो आणि स्वयंपाकघर आठवलं. रेंज नव्हती. फोन हातात धरून भराभर चाललो, बूट चावले. ढाणकीजवळ नागोरावला फोन लागला. खुशीत होता. सायेब, किचन झालं, घासून पुट्टी भरली, रंगाचे दोन हात मारले, पेन्सिलीचा एक डाग दिसला त मले सांगा.
छान, म्हटलं.

१३ ऑक्टोबर
घरी. टॉर्च तिरपा धरून भिंत पाहिली. नागोरावचं काम चांगलं आहे.

२ नोव्हेंबर, सकाळी ६
चहा अर्धा झाला आणि गॅस संपला. रजनीने लावलेलं शेवटचं सिलिंडर. नवं मी लावलं. सलीलने फोनवर सहज विचारलं, जुनं किती दिवस पुरलं?
कॅलेंडर पाहिलं. कोरं आहे.