भोंगा वाजेल तेव्हा मी चालत राहीन

१२ ऑक्टोबर, सकाळ

ग्रंथाला सुरुवात. नाव ठरलं: 'एका मोमिनाचे चाळीस आक्षेप'. चाळीस हा वजनदार आकडा आहे. सुचलेत सात. बाकीचे लिहिता लिहिता सुचतील.

आक्षेप कुणावर, ते इथेही लिहीत नाही. ही वही माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही, पण त्यांच्याविरुद्ध लिहिणं गुन्हा ठरवणारा कायदा आहे, आणि मकबुलेला (बायको) उघडं काही दिसलं की वाचायची खोड आहे. म्हणून त्यांना मी 'फोटोतले साहेब' म्हणणार. ज्यांनी हे प्रजासत्ताक उभं केलं, ते. त्यांचा फोटो पोस्टात आहे, न्हाव्याकडे आहे, दातांच्या डॉक्टरकडे आहे, आमच्या रजयांच्या दुकानातही आहे. दुकानातला वडिलांनी लावला होता. आज काढायचं ठरवलं होतं. पण मागे भिंतीला ओल आली आहे, ती गिऱ्हाइकांना दिसेल. तूर्त राहू दे.

माणूस म्हणून राग नाही. शत्रूला समुद्रापर्यंत पळवलं, मान्य. पण मग खलिफाला घालवलं, मदरसे बंद केले, अरबी अक्षरं बदलून रोमन आणली, टोप्या बदलल्या, आणि देवाला सरकारी कचेरीबाहेरच्या बाकड्यावर बसवलं. माझे आजोबा मुलांना कुराण शिकवायचे. एका दिवसात घरी बसले, आणि दोन वर्षांत गेले. हा हिशेब कुणीतरी मागायला हवा. मी मागणार.

१४ ऑक्टोबर

कहवाखान्यात जाहीर करून टाकलं. दहा नोव्हेंबरला, साहेबांच्या पुण्यतिथीला, सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी भोंगा वाजेल. दरवर्षीप्रमाणे अख्खा देश असेल तिथे खांबासारखा उभा राहील. मी चालत राहीन. चौकाच्या मधोमध. मेलेल्या माणसासमोर जिवंत माणसानं ताठ उभं राहणं आमच्या धर्मात बसत नाही. (आक्षेप पहिला.)

वस्फी मास्तरांच्या हातातले फासे हातातच राहिले. मास्तर म्हणजे रिटायर्ड भूगोल शिक्षक, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठे, आणि साहेबांचे परमभक्त. कोटावर त्यांचा बिल्ला बारा महिने. आम्ही दोघं एकाच टेबलावर तवला, म्हणजे फाशांचा पट, खेळत म्हातारे झालो. ते म्हणाले, "चाल, रेम्झी. तुझे पाय आहेत. पण त्यानंतर या टेबलाशी येऊन बसू नकोस."

आवाज चढवला असता तर मलाही काही बोलता आलं असतं. नुसतं म्हणाले आणि फासे टाकले. पाच-पाच पडले.

मी म्हटलं, ठीक आहे. टेबलं काय, पुष्कळ आहेत. घरी येताना मोजली. खिडकीजवळचं ते एकच आहे.

१८ ऑक्टोबर, जुन्या वेळेप्रमाणे दीड

आजपासून आजोबांच्या काळाची वेळ पाळणार. सूर्य मावळला की बारा. तिथून मोजायचं. सोपं आहे, फक्त रोज संध्याकाळी घड्याळ नव्यानं लावावं लागतं. नव्या वेळा जुन्या वेळेत बदलून तक्ता केला आणि दाराला चिकटवला. दहा नोव्हेंबरच्या भोंग्याची वेळ लाल शाईनं लिहिली.

मकबुले म्हणाली, जेवण मात्र नव्या वेळेला मिळेल.

१९ ऑक्टोबर

दातांच्या डॉक्टरकडे पोचलो तेव्हा ते घरी गेले होते. दाढ ठणकतेय. हे बलिदान समजावं.

२० ऑक्टोबर, शुक्रवार

नमाजानंतर ताहिर इमामांना गाठलं. तरुण आहेत, गळा चांगला आहे. म्हटलं, माझ्या ग्रंथाला चार शब्दांची प्रस्तावना द्या, आणि दहा तारखेला माझ्याबरोबर चाला. त्यांनी मला चहा पाजला आणि बराच वेळ साखर ढवळली. मग म्हणाले की काका, माझा पगार अंकाऱ्याहून येतो, प्रवचनही तिथूनच छापून येतं, आणि दहा तारखेच्या कार्यक्रमात माझी जागा ठरलेली आहे. तिसऱ्या रांगेत, पशुवैद्यांच्या शेजारी.

म्हणजे मशीदसुद्धा साहेबांनी सरकारी खात्यात घातली. आक्षेप आठवा. नुसता चहा प्यायलो तरी एक आक्षेप मिळतो, इतकं साहित्य पडलंय देशात.

२३ ऑक्टोबर

ग्रंथात एक अडचण. अक्षरं बदलल्याबद्दल चार पानं लिहिली आणि लक्षात आलं की ती त्याच बदललेल्या अक्षरांत लिहिली आहेत. जुनी लिपी मला येत नाही. कुराण वाचतो, पण ते पाठ असल्यामुळे. जुन्या लोकांच्या हातची चिठ्ठीसुद्धा लागत नाही.

उपाय: नगरपालिकेच्या प्रौढ वर्गात जुन्या लिपीचा फुकट क्लास आहे. नाव घातलं. वर्गात फळ्याच्या वर फोटो आहेच. शिकवणारी सेविल म्हणून एक पोरगी, जीन्स घालते, केस मोकळे. मला वाटलं होतं दाढीवाला कुणी असेल. पोरगी भराभरा वाचते, आपण बाजारातल्या पाट्या वाचतो तशी. आक्षेप नववा काय लिहावा कळेना.

२८ ऑक्टोबर

आक्षेप कमी झाले. टोपीचा आक्षेप मकबुलेनं मारला. म्हणाली, तुमची ती चपटी टोपी झोपेत तेवढी काढता, जुनी फेज टोपी आणून देऊ का? बायकांच्या मताधिकाराचा आक्षेप तिला वाचून दाखवायला नको होता. दोन दिवस तारहानाचं सूप पातळ मिळतंय. आडनावांचा मीच काढला. सरकारी कारकुनानं वडिलांना बळंच 'उयानिक' आडनाव दिलं, म्हणजे चलाख. बळजबरी वाईटच, पण नाव अचूक दिलं.

२९ ऑक्टोबर

प्रजासत्ताक दिन. पालिकेचा मोठा झेंडा रात्री वाऱ्यानं फाटला, सकाळी तो माझ्याकडे आणला. एवढं मोठं कापड गावात दुसऱ्या कुणाला सरळ शिवता येत नाही. शिवून दिला. झेंड्याशी माझं भांडण नाही. टीप दुहेरी घातली.

वस्फी मास्तर समोरून गेले. सलाम केला नाही. मीही केला नाही. मी आधी केला नाही.

१ नोव्हेंबर

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

सेविलला घेऊन कबरस्तानात गेलो. आजोबांच्या कबरीवरचा दगड वाचून घ्यायचा होता. लहानपणी वडील ईदला तिथे न्यायचे, मग मी माझ्या पोरींना नेलं. चिंचोळा दगड, वरचं टोक तुटलेलं, त्यावर जुन्या अक्षरांच्या पाच ओळी. जन्मभर मी त्या ओळींवर हात ठेवून फातिहा म्हटली आहे.

सेविलनं दगड ओल्या फडक्यानं पुसला, वाचला, आणि परत वाचला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "काका, ही हतिजे नावाची बाई आहे. खोगीर करणाऱ्या इब्राहिमची बायको. बाळंतपणात गेली."

आजोबा दोन कबरी सोडून होते. त्यांचा दगड आडवा पडलेला, वर गवत. ईदला त्यावर आम्ही पाण्याची बादली ठेवायचो.

वडिलांना लहानपणी कुणीतरी बोटानं दाखवलं असेल, ते त्यांनी मला दाखवलं. वडिलांनाही वाचता येत नव्हतं. घरात तीन पिढ्या शिकलेली माणसं, आणि एकालाही स्वतःच्या बापाचा दगड वाचता आला नाही. मला फार वाईट वाटलं. पोरीसमोर रडलो नाही, तिला घरी पोचवून रडलो.

हतिजेबाईंना मात्र सत्तर वर्षं फुकट दुवा मिळाल्या. मकबुले म्हणते, बरं झालं, बिचारीचं कुणी नसेल.

३ नोव्हेंबर

ग्रंथ आता एका आक्षेपाचा. हाच. बाकीचे खोडले. चार ओळींचा झाला, पण एकही ओळ कुणी हलवू शकणार नाही.

मास्तरांच्या घरी गेलो. भांडायला नव्हे, प्रत द्यायला. त्यांनी दारातच उभं राहून वाचला. चष्मा पुसला. म्हणाले, "बाकी कशाचंही उत्तर देईन. याचं माझ्याकडे नाही."

मला वाटलं आता म्हणतील, ये, बस. म्हणाले नाहीत. मीच विचारलं, मग दहा तारखेचं काय? ते म्हणाले की त्यांचे वडील युद्धातून परत आले ते त्या माणसामुळे, त्या एका मिनिटात ते आपल्या वडिलांसाठी उभे राहतात, आणि मी त्यांच्यासमोरून चालत गेलो तर ते त्यांना सहन होणार नाही. दार हळू लावलं.

शब्द दिलाय. सगळ्या कहवाखान्यानं ऐकलाय. चालावंच लागेल.

७ नोव्हेंबर

चालण्याचा सराव. ताठ, शांत, आवेश नको. उजवा गुडघा चौथ्या फेरीला अडकला. थंडीमुळे असणार. मकबुलेनं मेंढीची चरबी चोळली आणि म्हणाली की मास्तरांशिवाय तुम्ही दुपारी कुठे जाणार आहात, ते आधी ठरवा, कारण घरात मला चालणार नाही.

१० नोव्हेंबर, दुपार

तक्त्याप्रमाणे वेळेवर चौकात. चौक रिकामा. फक्त पुतळा आणि तिळाच्या पावाची कडी विकणारा सिमितवाला. मग डोक्यात उजेड पडला: ऑक्टोबरच्या शेवटी सरकारनं दरवर्षीप्रमाणे हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे घेतली. माझा तक्ता त्याच्या आधीचा. माझं घड्याळ सरकारला मानत नसलं तरी भोंगा मानतो.

घरी जाऊन परत आलो असतो तर लोक म्हणाले असते, घाबरला. थांबलो असतो तर, थांबला. म्हणून चालत राहिलो. पुतळ्याभोवती फेऱ्या. सिमितवाल्यानं विचारलं, डॉक्टरनं साखरेसाठी चालायला सांगितलंय का. पोलिसानं खुर्ची देऊ केली. शाळेची मुलं रांगेत आली, पुष्पचक्रं आली, इमाम पशुवैद्यांच्या शेजारी उभे राहिले. मी फेऱ्या मारतोय. तासभर. बहात्तराव्या वर्षी.

मास्तर आले, काळा कोट, बिल्ला. कारंज्यापाशी, त्यांच्या नेहमीच्या जागी. मी अगदी त्यांच्यासमोर आलो आणि गुडघा अडकला. आणि भोंगा वाजला.

बस जागीच थांबली, ड्रायव्हर उतरून उभा राहिला. सिमितवाला डोक्यावरच्या पाटीसकट थांबला. मास्तर थोडे डगमगल्यासारखे वाटले. ऐंशी वर्षांचा माणूस, थंडी. मी त्यांना कोपराला धरून सावरलं. माणुसकी म्हणून. याला उभं राहणं म्हणत नाहीत, याला आधार देणं म्हणतात.

संध्याकाळ

मकबुले बाजारातून आली. म्हणाली, मास्तरांनी तुम्हाला कसं धरून ठेवलं होतं ते सगळा बाजार सांगतोय, नाहीतर तुम्ही कारंज्यात गेला असता. लोकांना काय, लांबून उलटंच दिसतं.

११ नोव्हेंबर

गावच्या पेपरात पहिल्या पानावर फोटो. मी आणि मास्तर, एकाचा हात दुसऱ्याच्या कोपराला, दोघंही ताठ. मी जरा जास्तच ताठ, गुडघ्यामुळे. खाली लिहिलंय: 'मतभेद विसरून'. पालिकेतून माणूस येऊन गेला. पुढच्या वर्षी पहिल्या रांगेत माझी जागा ठेवणार म्हणे, पशुवैद्यांच्याही पुढे.

दुपारी कहवाखान्याच्या दारात घुटमळलो. मास्तरांनी पायानं खुर्ची पुढे सरकवली. तवला मांडलेला होता. दोन डाव झाले. मग ते पटाकडे बघत म्हणाले, "माझ्यासाठी थांबलास. हे मी विसरणार नाही."

गुडघा अडकला होता हे सांगायला तोंड उघडलं, आणि पोऱ्याकडे आणखी एक चहा मागितला.

रोजनिशीशी खोटं बोलण्यात अर्थ नाही, म्हणून लिहितो. कोपर माझं होतं, हात त्यांचा होता. आणि भोंगा अर्ध्यावर आला तेव्हा गुडघा सुटला होता. समोर रस्ता मोकळा होता. मी मास्तरांच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि भोंगा संपेपर्यंत तिथेच उभा राहिलो.