डोंगरमाथा पक्षाचे अकरा महिने

३ सप्टेंबर
तिकीट चंदूला! आमचे अध्यक्ष देवानंद, त्यांच्या मेहुण्याला! सूर्यमाळचे पाडे किती, तेही त्याला सांगता येणार नाही. पाड्यापाड्यांवर पायपीट करून डोंगरमाथा पक्ष उभा केला मी, पक्षाची घटना लिहिली मी, आणि पंचायत समितीला उभा राहणार चंदू. वर देवानंद सगळ्यांसमोर म्हणतो कसा – "योगिता, तू चहाचं बघ." बघते. तुझंही बघते.

४ सप्टेंबर
रडले नाही. भाकऱ्या मात्र करपवल्या.

९ सप्टेंबर
एम.ए.चा पेपर जवळ आला म्हणून जव्हारहून आणलेलं पुस्तक उघडलं. जर्मनीतल्या एका चिमुकल्या पक्षावर अर्धं पान. तीन वर्षं जगला. मग त्याचे विरोधकच रीतसर सभासद झाले, अधिवेशनात बहुमत जमवलं आणि पक्ष विसर्जित करून टाकला! सहा वेळा वाचलं. परीक्षेला येणार नाही, तरी पाठ झालंय.

१० सप्टेंबर
आमच्या घटनेतलं कलम नऊ – हजर सभासदांपैकी निम्म्याहून जास्त हात वर झाले की पक्ष बंद. देवानंदने न वाचताच सही ठोकली होती.

२१ सप्टेंबर
सूर्यमाळच्या सत्तर बायका सभासद केल्या. नागलीची निंदणी टाकून शेजारची माघीकाकी माझ्यासोबत दारोदार फिरली. देवानंद खूश. "काय कामाची पोरगी आहे!" हस बाबा, हसून घे.

४ ऑक्टोबर
मोखाड्यात सभा. एकशे दहा माणसं. बायकांना एवढंच सांगितलं होतं – मी वाचून झाले की हात वर करा. ठराव एका दमात वाचला. सत्तर हात वर! अकरा महिन्यांचा पक्ष बंद! चंदू गळ्यात हार घालून बसलेला, तसाच राहिला. "असं कसं करता येईल?" – देवानंद. कलम वाचून दाखवलं. दोनदा. निघताना म्हटलं, "दादा, चहाचं आता तुम्हीच बघा."
इतकं बरं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. घरी येऊन पोटभर जेवले.

५ ऑक्टोबर
सकाळीच माघीकाकी दारात. "तो ठराव कसला होता गं? आमी म्हनलू तुला उभी करायची हाय." सगळं सांगितलं. मग म्हणाली, "सत्तर बाया होतू आमी. तू तुजा नाव घेतला असता तं त्यालाच हात वर केला असता ना!"
एकदाही डोक्यात आलं नाही माझ्या.