सासूबाईंची अंडी आणि माझं कुलूप

तीर्थस्वरूप ताई हिस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग आपलं लिहिण्यापुरतं. परवा सातव्या मजल्यावर लिफ्टच्या यंत्रापाशी चार तास वाकून बसल्यापासून माझी आठही अंगं एकदम जमिनीला टेकतील अशी खात्री उरलेली नाही.) तुझी तब्येत कशी आहे? भाऊजींचा गुडघा काय म्हणतो? इकडे आम्ही तिघंही ठणठणीत आहोत आणि तुला वाटतं तसं उपासमारीनं कोणी अंथरूण धरलेलं नाही. "बायको पहाटे बस चालवणार आणि नवरा घरी अंडी फोडणार, हे घर आहे की सर्कस?" हे तुझं वाक्य मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा हसू आलं आणि तिसऱ्यांदा भूक लागली. रविवारी येऊन तू स्वयंपाकघर ताब्यात घेणार आहेस, असंही लिहिलंयस. तर ताबा घेण्याआधी तिथे काय चाललंय ते सविस्तर कळवावं, म्हणून हे पत्र.

तुझी भावजय बारा वर्षं डेपोच्या खिडकीत बसून पास देत होती, हे तुला ठाऊक आहेच. आता परीक्षा पास होऊन ती ड्रायव्हर झाली आणि तिला पहाटे साडेपाचची पहिली बस मिळाली, पण तीन आठवड्यांपुरतीच. येत्या सोमवारपर्यंत 'हीच पाळी कायम हवी' असा फॉर्म सही करून दिला तर बस तिची, नाहीतर परत खिडकी. तिचं म्हणणं एवढंच, की सकाळचं घर चाललं पाहिजे. आणि आमचं सकाळचं घर म्हणजे सासूबाई. त्या साडेसहाला साखरेचं इंजेक्शन घेतात. त्यानंतर अर्ध्या तासात पोटात काही गेलं नाही, तर त्यांना गरगरायला लागतं. हात थरथरतात, म्हणून त्या गॅसपाशी जात नाहीत. मला सव्वासातला निघावं लागतं. म्हणजे हाताशी उरतात थोडी मिनिटं, दोन अंडी आणि एक जावई. (जावयानं सासूला करून घालायचं, यावर तुला जे म्हणायचं असेल ते शेजारणीनं आधीच म्हणून टाकलंय.)

मी म्हटलं, वीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतोय, अंडं ते काय! पहिल्या दिवशी अंडं तव्याच्या काठावर आपटलं, ते अर्धं तव्यात आणि अर्धं माझ्या बुटात. (वेळ वाचावा म्हणून बूट आधीच घातले होते.) दुसऱ्या दिवशी आम्लेट आम्लेटासारखं दिसलं, पण सासूबाई ते खात असताना बाहेरच्या खोलीपर्यंत टरफलांचा करकर आवाज येत होता. उभा जन्म टेलिफोन ऑपरेटर म्हणून लोकांचं ऐकून घेण्यात गेलेली बाई, त्या फक्त "हं" म्हणतात. त्या 'हं'चे निदान दहा प्रकार आहेत, आणि त्यातला बरा असा एकही माझ्या वाट्याला आला नव्हता.

चौथ्या दिवशी मात्र मी कहर केला. आमच्या धंद्यात एक कडक नियम आहे. यंत्रात हात घालण्याआधी मेन स्विच बंद करायचा, त्याला स्वतःचं कुलूप लावायचं, वर 'काम चालू आहे, हात लावू नये' अशी आपल्या सहीची पाटी अडकवायची आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवायची. ते कुलूप दुसऱ्या कोणी काढायचं नाही, साहेबानंसुद्धा नाही. या नियमामुळेच मी आज तुला पत्र लिहायला शिल्लक आहे. तर त्या दिवशी टोस्टरमध्ये पाव अडकला आणि धूर यायला लागला. पुढचं सगळं हातांनी सवयीनं केलं. घराचा मेन स्विच बंद, कुलूप, पाटी, किल्ली खिशात, आणि मग चिमट्यानं पाव बाहेर. इथवर कोणीही माझी पाठ थोपटली असती. पण तेवढ्यात फोन आला की एका इमारतीच्या लिफ्टमध्ये चार माणसं अडकलीत. मी धावत सुटलो, आणि माझ्याबरोबर किल्लीही.

ती माणसं पंचवीस मिनिटांत सुटली. माझं घर मात्र संध्याकाळी पाचपर्यंत अडकून होतं. सासूबाईंनी जळका पाव आणि एक केळं यावर वेळ मारून नेली. दुपारी दोनला तुझी भावजय घरी आली, तर दिवा नाही, पंखा नाही, फ्रिजखालून निघालेला ओघळ दारापर्यंत आलेला आणि मेन स्विचला हे मुठीएवढं कुलूप. सासूबाईंनी मदत म्हणून केसातला आकडा काढून दिला. पण माझी सही बघून ही थांबली, कारण एकाचं कुलूप दुसऱ्यानं काढायचं नाही, हे मीच तिला लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं. (नवे नवरे काय काय सांगत बसतात!) मी पोचलो तेव्हा दोघी दारात खुर्च्या टाकून वारा घेत होत्या. ती ओरडली नाही. पर्समधून फॉर्म काढून त्याच्याकडे बघत म्हणाली, "खिडकीच बरी होती." ताई, तिनं मला चार शब्द सुनावले असते तर परवडलं असतं. बारा वर्षं तिनं काचेमागून दुसऱ्यांच्या बसेस जाताना पाहिल्या, आणि मी एका टोस्टरपायी तिला परत तिथं नेऊन बसवत होतो.

दुसऱ्या दिवशी इंजेक्शन घेऊन झाल्याबरोबर सासूबाईंनी खुर्ची ओढली, स्वयंपाकघराच्या दारात बसल्या आणि ऑपरेटरच्या आवाजात विचारलं, "तवा?" मी दचकून म्हटलं, "ठेवला." "आच?" "मंद." "बूट?" "काढतो." आम्ही लिफ्टच्या उभ्या बोगद्यात अगदी असंच करतो. वरचा विचारतो, खालचा उत्तर देतो, आणि उत्तर आल्याशिवाय कोणी काही हलवत नाही. मला हे घरात सुचलं नव्हतं, त्यांना खुर्चीत बसल्या बसल्या सुचलं. अंडी वाटीत फोडायची, म्हणजे टरफल दिसतं. मीठ-मिरी घालून फेटायची, तव्यावर ओतायची, वर लगेच पावाचे दोन स्लाइस ठेवायचे, खालून धरलं की सगळं एकदम उलटायचं. टोस्टरची गरजच नाही! नऊ मिनिटांत बशी त्यांच्यापुढे. त्यांनी सगळं संपवलं आणि म्हणाल्या, "उद्या मिरी जरा जास्त घाला." मला इतका आनंद झाला की मी एक बूट घालूनच जिना उतरलो.

त्याला आज बारा दिवस झाले आणि एकही सकाळ चुकलेली नाही. तेव्हा तू अवश्य ये, पण पाहुणी म्हणून ये. स्वयंपाकघर मिळणार नाही.

भाऊजींना नमस्कार.

तुझा (अजूनही लाडका असेन अशा समजुतीतला)
भाऊ

ता. क. – पत्र सासूबाईंनी वाचलं. टरफलं तिसऱ्या दिवशीही होती, ते गाळू नये, असं त्यांचं म्हणणं आहे.

ता. क. २ – खरं म्हणजे जे लिहायला बसलो ते राहूनच गेलं. घर बारा दिवस सुरळीत चाललंय, तरी फॉर्म कोराच आहे. काल पुन्हा विचारलं तेव्हा ती हळूच म्हणाली, "ताई काय म्हणतील?" तुझं ते सर्कशीचं पत्र तिनं माझ्याआधी वाचलंय. आई गेल्यापासून या घरात तुझाच शब्द शेवटचा, हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तर रविवारी तुझी गाडी पाचला पोचली की टॅक्सी करू नकोस. स्टेशनबाहेर डाव्या हाताला स्टॉप आहे. साडेपाचची पहिली बस घे आणि अगदी पुढच्या सीटवर बस. चालू बसमध्ये ड्रायव्हरशी बोलायला मनाई आहे. (तुझ्या बाबतीत मला या नियमाचा फार आधार वाटतो.) आमचा स्टॉप चौदावा. तोवर ती वळणं कशी घेते, म्हाताऱ्या माणसाला चढायला किती थांबते, ते नुसतं बघ. उतरताना मनात येईल ते तिला सांग. मी शब्द सुचवत नाही.

ता. क. ३ – आधी ती मला सांगायची, पेन चालत नाही म्हणून सही राहिलीय. पेन छान चालतं. हे सगळं पत्र मी त्याच पेनानं लिहिलंय.