अर्ध्या तासावरचं माहेर

हेलसिंकी, ४ मे २०१२

ती. मायमूताईस,
सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक. गुडघे कुरकुरतात, पण जिभेला अजून काही झालेलं नाही, असं आमच्या यजमानांचं म्हणणं.

परवा सुनेनं संगणकावर बघून सांगितलं, की हेलसिंकी ते तालिन मध्ये जेमतेम ऐंशी किलोमीटर समुद्र, विमानाला अर्धा तास. मी म्हटलं, एवढ्यात तर माझी कॉफीसुद्धा निवत नाही. आणि आई गेल्यापासून नऊ वर्षांत मी माहेरचा उंबरा पाहिलेला नाही! दर उन्हाळ्यात तुझं काहीतरी निघतंच. एकदा छप्पर, एकदा रंगकाम, गेल्या खेपेला तर मांजरीचं बाळंतपण.

ताई, स्पष्ट विचारते, मी नकोशी झालेय का? तसं असेल तर लिही. रडेन, पण कळेल तरी. नसेल तर जूनमध्ये विमानानं येते. आईच्या काठवटीतल्या काळ्या पावाचा गरम तुकडा आणि वर लोणी, बाकी काही नको.

उत्तराची वाट पाहणारी,
उर्वे

तालिन, ११ मे

चि. उर्वेस,
अनेक आशीर्वाद.

नकोशी? वेडी का खुळी तू! पत्र वाचलं आणि जेवण तसंच ठेवून लिहायला बसले. आता सांगूनच टाकते.

आईला पोचवून तू संध्याकाळच्या बोटीनं परतलीस आणि मला घर खायला उठलं. दिसेल ते घासत सुटले. त्या भरात काठवटही कढत पाण्यानं, साबण लावून घासली. आजीपासून ती कुणी धुतली नव्हती. तिच्या फटींतल्या आंबलेल्या पिठावरच तर पुढचा पाव फुगायचा. भानावर आले तोवर लाकूड पांढरंफटक पडलं होतं. वाटलं, आईला मी दुसऱ्यांदा पुरलं.

तेव्हापासून त्यात कांदे ठेवते. तुला कुणाकुणाबरोबर धाडलेले पाव शेजारच्या साल्मेच्या हातचे. तू येऊन पाव मागशील म्हणून छप्पर गळायचं आणि मांजर व्यायची. आता ये, नाहीतर रागव.

तुझी अपराधी,
मायमू

हेलसिंकी, १८ मे

ती. ताईस,
सा. न.

पहिल्याच पावाला मी ओळखलं होतं. त्यात शहाजिरं होतं, आणि शहाजिऱ्याचं नाव काढलं तरी आई नाक मुरडायची. मला वाटलं, तू मुद्दाम परक्या घरचा पाव धाडतेस. नऊ वर्षं ते गिळून बसले. दोघीही सारख्याच शहाण्या!

आता ऐक. लग्न होऊन इकडे निघाले तेव्हा आईनं लोकरीच्या मोज्यात गुंडाळून एक बरणी दिली होती. त्याच काठवटीतलं पीठ. कस्टमच्या माणसाला मी गुडघ्याचा लेप म्हणून सांगितलं. चौतीस वर्षं दर आठवड्याला त्यात मूठभर पीठ घालतेय. अजून फसफसतं गं!

विमानाचं तिकीट काढलं होतं. पण सून म्हणाली, तपासणीत असली ओली बरणी काढून टाकतात. तिकीट रद्द केलं. शनिवारी, नऊ जूनला, बोटीनं येते. दोन तास लागतील. बरणी मांडीवर घेऊन बसेन.

कांदे काढून ठेव. लोभ आहेच. आणि हात जोडते, काठवट धुऊ नकोस.

तुझी,
उर्वे