बंद टीव्हीवरची मालिका

॥ श्री ॥

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

ती. वन्संना साष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही सगळे देवाच्या कृपेने ठीक आहोत. तुम्ही कशा आहात ते कळवा. पत्राच्या सुरुवातीला सगळेच असं लिहितात, पण मी खरोखर विचारते आहे. तुम्ही बऱ्या आहात ना? बाकी काही लिहिलं नाहीत तरी चालेल, तेवढं एका ओळीत कळवा.

अक्षर ओळखीचं नसेल. मी तुमच्या धाकट्या भावाची बायको. आपली भेट एकदाच झाली, मामंजी गेले तेव्हा. तुम्ही फाटकाच्या आत आला नाहीत. मी पाण्याचा पेला घेऊन बाहेर आले होते. रिकामा पेला परत देताना तुम्ही म्हणालात, "बारीक झालीस का गं? लग्नाच्या फोटोत बरी दिसत होतीस." आमच्या लग्नाचा फोटो तुम्हाला कुणी दाखवला, हे कोडं मला परवापर्यंत सुटलं नव्हतं. परवा मी ह्यांच्याकडे तुमचा पत्ता मागितला. कशाला म्हणून विचारलंसुद्धा नाही. कागद पुढे ओढला आणि एकदाही न थांबता अख्खा पत्ता लिहून दिला.

फोन करायचा सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. माझ्याकडे आता फोन नाही. ती हकीगत आधी सांगते, म्हणजे पुढचं सांगणं मला सोपं जाईल.

ह्यांच्या खोक्यांच्या कारखान्यात काम आता आठवड्यातून तीनच दिवस असतं. पगारही तसाच. मग कात्री कुठे लावायची ते बघायला आम्ही बसलो. दुधाला लावता येत नाही, आईंच्या औषधांना तर नाहीच. उरलं काय, तर टीव्ही, घरातलं इंटरनेट आणि आमचे तीन फोन. सगळ्यांची बेरीज केली तर जुन्या पगाराचा आठवा हिस्सा निघाला. म्हणजे इतकी वर्षं आठातला एक दिवस हे नुसते त्या तारांसाठी मशीनवर उभे राहत होते. माझ्या तर तोंडचं पाणीच पळालं.

केबलवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, "वहिनी, तीनशे चॅनेल आहेत तुमच्याकडे."

"बघतो किती?" मी म्हटलं. "चार. त्यातलं एक भजनाचं, तेही पहाटेचं."

"मग लहान पॅकेज घ्या."

लहान पॅकेजात आईंची मालिका नव्हती. तिचं चॅनेल वेगळं घ्यावं तर त्याच्याबरोबर खेळांची तीन आणि स्वयंपाकाची दोन गळ्यात पडत होती. मी म्हटलं, "मला एक लिंबू हवंय, तुम्ही अख्खं झाड विकताय." तो हसला. "वहिनी, आमच्या ऑफिसात या वसुलीला." मी म्हटलं, आधी हा डबा काढा आणि अनामत परत करा, मग बघू.

इंटरनेट काढलं तेव्हा तुमच्या भाचीने दोन दिवस गाल फुगवले. तिचा अभ्यास फोनवर असतो, म्हणून तिच्या फोनवर रोजचं ठरलेलं तेवढं ठेवलं. "आजीच्या गोळ्यांसारखं," म्हणते, "सकाळी एक, रात्री एक, जास्त घेतलं की त्रास." ह्यांचा फोन कामासाठी हवा. माझा बंद केला. मला फोन करत होतं कोण? कर्ज घ्या म्हणणारी ती बँकेतली बाई. तिला तेवढी माझी आठवण येत असेल.

टीव्ही मात्र विकला गेला नाही. भंगारवाल्यानेसुद्धा नाक मुरडलं. म्हणून तो होता तिथेच राहिला, बाहेरच्या खोलीत, आईंच्या खाटेसमोर.

खरं तर ते टीव्हीचंच सांगायचं आहे.

आईंना आता सकाळचं संध्याकाळी आठवत नाही. जुनं मात्र तासभर सांगतात, आणि तेच पुन्हा सांगतात. मला कधी सूनबाई म्हणतात, कधी शेजारीण समजून साखर परत मागतात. एक गोष्ट चुकायची नाही. दिवेलागणीला खाटेवर उठून बसायचं, पाठीला उशी, आणि मालिका. डबा नेला त्या संध्याकाळी मी धास्तावले होते. आता यांना काय सांगावं? तेवढ्यात त्या बंद टीव्हीकडे बघत म्हणाल्या, "आवाज वाढव गं थोडा."

मी रिमोट उचलून बटण दाबलं.

"हं, आता येतंय ऐकू."

मग अर्धा तास त्या काळ्या काचेकडे बघत बसल्या. जेवताना ह्यांना गोष्टसुद्धा सांगितली. आज एक नवीन बाई आली म्हणे, हातात पिशवी घेऊन दारातच उभी राहिली. हे मला हळूच म्हणाले, "बघ, फुकटात मालिका. मध्ये जाहिरातीही नाहीत." आम्ही तोंड दाबून हसलो. वन्सं, त्या दिवशी आम्ही हसलो, हे लिहिलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. पिशवीवाली बाई आली, दारात उभी राहिली, कुणी आत घेतलं नाही. आई चिडायला लागल्या. "लिहिणाऱ्यांना काही दयामाया नाही. किती दिवस उभी ठेवणार तिला? आणि ती आई बघ! घरात बसलीय, कडी काढत नाही. दगड आहे, दगड." जेवताना घास हातातच राहायचा. "ती बाहेर उभी आहे आणि मी जेवू?"

एकदा त्या बाईचं नाव घेतलं. ठकी. मला वाटलं, जुन्या मालिकेतलं कुणी असेल. रात्री भांडी पुसताना मी सहज ह्यांना विचारलं, ठकी म्हणून कोण होती हो त्या मालिकेत? ह्यांनी हातातलं ताट खाली ठेवलं.

"आई ताईला म्हणायची लहानपणी," एवढं म्हणाले. मग बाकीचं सांगितलं. तुम्ही सासरहून बॅग घेऊन आलात. तुमच्या गालावर वळ होता. आईंनी तुम्हाला पाहिलं आणि आतून कडी लावली. शेजारची दारं किलकिली झाली होती. आई आतून म्हणाल्या, तुझं घर आता तिकडे. तुम्ही जिन्यात बसून राहिलात आणि मग उठून गेलात, त्या आजतागायत घरात आला नाहीत. हे आतल्या खोलीत होते. "माझी उंची पुरत नव्हती असं नाही," म्हणाले. "कडीला हात पोचत होता माझा."

तुमच्यावर जे गेलं तेच तुम्हाला परत लिहून सांगते आहे, राग मानू नका. इतक्या वर्षांत या घरात कुणी मला हे सांगितलेलं नव्हतं.

मग मी त्या काचेचा छडा लावला. मी दिवेलागणीला मंडईत जाते, दुकानं आवरायच्या वेळी भाजी निम्म्या भावात मिळते म्हणून. जाताना दार उघडं ठेवून जाते, जिन्यातल्या दिव्याचा उजेड घरात येतो, तेवढीच आपली वीज कमी. आई दाराकडे पाठ करून बसतात आणि समोरच्या काळ्या काचेत त्यांना मागचं दार दिसतं, आरशात दिसावं तसं. मी पिशवी घेऊन येते, उंबऱ्यात चपला काढायला थांबते, तीच त्यांची दारातली बाई. म्हणजे ती मीच. माझ्याच काटकसरीने त्यांच्यापुढे रोज उभी राहणारी. जीव भांड्यात पडला माझा. दुसऱ्या दिवशी मी दार रोजच्यासारखं उघडं ठेवलं, पण मंडईत गेलेच नाही. आईंच्या शेजारी खाटेवर बसून शेंगा सोलत बसले.

वेळ झाली तशी आई म्हणाल्या, "आली बघ."

मी म्हटलं, "कोणी नाही आई, मी इथेच आहे तुमच्याजवळ."

"तू आहेस गं. तू कुठे जाणार? ती आली."

मी काचेत पाहिलं. मग शेंगांमध्ये नजर घातली आणि सोलत राहिले. वळून दाराकडे मात्र पाहिलं नाही.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नाही. रोज देवापुढे बसणाऱ्या बाईने ठेवूही नये. आणि तुम्ही तर हयात आहात, हयात माणसाचं असं काही होत नसतं. होत नाही ना? म्हणून पहिल्या ओळीत तुमची खुशाली विचारली. ह्यांनी पत्ता लिहून दिला तेव्हा माझा अर्धा जीव भांड्यात पडला, म्हटलं, जिला पत्ता आहे ती आहे. पण ह्यांनाही तुमचं पत्र येऊन बरेच महिने झालेत म्हणे. फोटो त्यांनीच पाठवला होता, हेही त्या दिवशीच कबूल केलं.

आता मुख्य गोष्ट. पान भरत आलं तरी माझं पेन तिच्याभोवतीच फिरतं आहे.

गेल्या गुरुवारी आईंनी दिवसभर काही खाल्लं नाही. दूधही ओकून टाकलं. घरात भाजीचं पान नव्हतं म्हणून मला संध्याकाळी जावं लागलं. परत आले, उंबऱ्यात चपला काढत होते. आई काचेकडे बघत बसलेल्या. त्यांनी मान वळवली नाही. रोज चिडून बोलतात तसं नव्हतं, अगदी साध्या आवाजात, भाजीत मीठ विसरलं म्हणून सांगावं तसं म्हणाल्या, "ठके, माझं चुकलं गं. लोकांच्या दारांना भ्याले मी. कडी काढायला पाहिजे होती." आणि मग, "माफ केलंस का मला?"

मी पिशवी धरून उभी. ताबडतोब सांगायला हवं होतं, आई, मी सूनबाई. त्यांची मान इतकी बारीक झाली आहे, वन्सं, मागून बघवत नाही. मी म्हटलं, "हो आई. केलं माफ."

"मग बाहेर का उभी? ये."

मी आत आले. त्यांनी माझा हात धरला, पालथा केला, त्यावरून बोटं फिरवली. "किती काम करतेस," म्हणाल्या. मग पोटभर जेवल्या. त्या रात्री गाढ झोपल्या, सकाळी मला म्हणाल्या, "सूनबाई, संपली ती मालिका. शेवट गोड केला हो." तेव्हापासून टीव्हीकडे बघत नाहीत. खिडकीकडे तोंड करून बसतात. डॉक्टर म्हणाले, प्रकृती सुधारली. भाची म्हणते, आजी खुशीत आहे. ह्यांनी जेवताना माझ्या ताटात स्वतःच्या हाताने वाढलं.

सगळ्यांचं बरं झालं. मला मात्र देवापुढे हात जोडता येत नाहीत.

आयुष्यात मी कुणाचा पै-पैसा विचारल्याशिवाय खर्च केला नाही. भाचीच्या गल्ल्यातली नाणी घेतली तर संध्याकाळच्या आत परत टाकली. आणि इथे जी गोष्ट जगात एकट्या तुमची होती, तुम्ही द्यायची किंवा न द्यायची, ती मी उंबऱ्यात उभी राहून देऊन टाकली. तुम्ही जिन्यात बसला होतात, मी नव्हते. तो वळ माझ्या गालावर उठला नव्हता.

शेंगा सोलत बसले होते त्या दिवशी काचेत मला काय दिसलं तेही लिहिते, नाहीतर हे पत्र अर्धवट खोटं राहील. दारात बाई होती. माझ्यापेक्षा वयाने लहान. आईंना वाटतं, गुरुवारी ती आत आली. मी रोज टीव्हीवरची धूळ पुसते, आणि मला ती अजून दारातच दिसते. आत आले ती मी होते, वन्सं. तिला अजून कुणी या म्हटलेलं नाही.

तर मला उत्तर पाठवा. माफ केलं असेल तर तसं. नसेल केलं, तर तेही अगदी तसंच लिहा, माझ्या भिडेने गोड करू नका. मी ते आईंना वाचून दाखवणार नाही. त्यांना जे मिळालं ते माझ्याकडून मिळालं असं मी धरेन, आणि तुमचं तुमच्याकडे शिल्लक राहील. आणि यायचं मनात आलं, तर आईंसाठी म्हणून येऊ नका. भांडायला आलात तरी चालेल. या दारात उभ्या राहा आणि बंद टीव्हीकडे बघून मला सांगा की तिथे दुसरं कुणी नाही.

येताना दार वाजवू नका. रविवारी ह्यांनी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आतली कडी काढून टाकली. भाची म्हणाली, "बाबा, चोर येतील!" हे म्हणाले, "येऊ देत. नेणार काय, तो टीव्ही?" रात्री आम्ही दाराला आतून खुर्ची टेकवतो. बाहेरून जरा ढकललं की सरकते. मी स्वतः जिन्यात उभी राहून ढकलून पाहिली आहे.

सोबत तिकीट लावलेलं पाकीट ठेवलं आहे.

एकदा तुमच्या नावाने हो म्हणालेली,
तुमची भावजय