आतल्या खोलीतलं धुणं

प्रिय अहो,

मी बरी आहे, आधी एवढं वाचा, मग पुढचं.

क्रेनवर आता चांगला हात बसलाय. परवा वीस टनांचा खांब इतका अलगद उतरवला, की मुकादमही बघत राहिला. मग चार वाजता तोच म्हणाला, "वहिनी, चहा टाका ना." चौदा जणांत बाई मी एकटीच. पहिल्या दिवशी हौसेने केला, आता रोजचाच गळ्यात पडलाय.

आईंचा गुडघा कसा आहे? आणि छोटीची खाज? तिने चिठ्ठीत लिहिलंय, शेजारचे काका तुम्हाला हसतात, "काय वहिनी, झालं का धुणं?" म्हणून तुम्ही आतल्या खोलीत दार लावून कपडे वाळत घालता. अहो, दमट कपड्यांनीच खाज सुटते हो!

आज क्रेन बंद आहे, म्हणून कामावरच लिहायला बसले. बोलणाऱ्याचं तोंड धरता येत नाही, खुशाल गच्चीवर उन्हात घाला, असं ठणकावून लिहिणार होते. तेवढ्यात चार वाजले. पेन ठेवलं आणि चौदा जणांचा चहा करून आले.

आता कुठल्या तोंडाने सांगू? निदान आतली खिडकी तरी उघडी ठेवत जा.

तुमचीच,
मी