प्लॅस्टिकच्या काकांचा दात

ती. वन्संना पायाला हात लावून नमस्कार (दुखऱ्या गुडघ्याला धक्का न लावता). गोळ्या वेळेवर घेताय ना? तुमच्या भावाची तब्येत उत्तम आहे. त्याच्या शर्टाच्या बटणांना विचारा.

बातमी आधीच सांगून टाकते: मी पास झाले! अकरा वर्षांपूर्वी त्याच्या नोकरीमागून माझा दातांचा दवाखाना बंद करून इथे परदेशात आले, तेव्हा तो म्हणाला होता, "तुझं काय गं, दात सगळीकडे असतात." दात होते हो, पण माझी पदवी इथे चालत नव्हती. मग लेकीचे दुधाचे दात पडायला लागेपर्यंत थांबले आणि नंतर परीक्षेला बसले. (यंदाची चौथी खेप. आईंना दुसरी म्हणून सांगितलंय, तुम्हीही तेच सांगा.)

या परीक्षेत रुग्ण नसतो, टेबलाला स्क्रूने बसवलेलं प्लॅस्टिकचं डोकं असतं. त्याचा दात कोरायचा, तोही मुकाट्याने. सगळे गप्प. मी यंत्र हातात घेतलं मात्र, आणि सात वर्षं दवाखाना चालवलेली माझी जीभ आपोआप सुटली. "आ करा काका, अजून मोठा. दुखलं तर डावा हात वर करा हं." काकांना हातच नव्हते. तरी मी दोनदा थांबून पाहिलं, आणि शेवटी गालावर थोपटून "झालंच" म्हटलं. शेजारची उमेदवार खुदकन हसली. मागे परीक्षक बाई उभ्या! त्या बराच वेळ काहीतरी लिहीत राहिल्या. म्हटलं, संपलं, आता जन्मभर डबे भरा. मग त्यांनी विचारलं, मी काय बोलत होते. मी खरं ते सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आज दिवसभरात याला दुखतंय का, हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

वन्सं, इतकी वर्षं कुठलाही अर्ज भरताना 'व्यवसाय' या रकान्यापाशी माझं पेन अडायचं. परवा लेकीच्या शाळेच्या अर्जात 'दंतवैद्य' लिहिलं. अक्षर जरा रकान्याबाहेर गेलं. जाऊ दे.

तुमची भावजय

ता. क. नोकरीही मिळाली आहे. दवाखाना इथून सहा तासांवर आहे. तुमच्या भावाला फक्त पास झाल्याचं माहीत आहे. तो तुमचं ऐकतो. रविवारी फोन करून त्याला जरा समजवाल का? मला हे सोडायचं नाहीये, वन्सं.

ता. क. २. पत्र टेबलावर उघडं टाकून कपडे वाळत घालायला गेले, हा माझा गाढवपणा. खालचं अक्षर तुमच्या भावाचं:

ताई, फोन मला नको, आईला कर. हिच्या नोकरीसाठी मी माझी सोडतोय, हे आईला सांगायची माझी छाती नाही.